ह्यूस्टन शिप चॅनल खोल आणि रुंद करायचा खर्च लोकल पोर्टनं का उचलायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्ट ११ म्हणजे टेक्सासमधल्या ह्यूस्टन बंदराकडे जाणारा जहाजांचा मार्ग, शिप चॅनल, रुंद आणि खोल करायचं काम. त्याचं नाव बातम्यांत आलं की तेच तेच प्रश्न येतात. काही चॅनलकाठच्या पासाडीना, डिअर पार्क बाजूला प्लांटवर काम करणाऱ्यांचे, काही नवीन घर घेऊन पहिलं टॅक्स बिल बघून दचकलेल्यांचे, आणि थोडे मुंबई-पुण्याहून पण, की अमेरिकेत एवढं मोठं केंद्र सरकार असताना बंदराचा गाळ काढायला गावानं पैसे का भरायचे. सगळे इथे एकत्र टाकलेत, वर सोपे आणि खाली खाली किचकट. तेच उत्तर दोनदा लिहायचा कंटाळा, म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. समुद्रच आहे ना तिथे? मग खणायचं काय?

गॅल्व्हेस्टन बे नकाशावर केवढा मोठा दिसतो, पण तो उथळ आहे, बहुतेक ठिकाणी मुळातलं पाणी दहा फुटांच्या आत. त्यात तेलाचं टँकर जाणं शक्यच नाही. म्हणून खाडीच्या तळातून एक लांब चर खणलाय, तो पुढे सॅन जसिंटो नदी आणि बफेलो बायूमधून (बायू म्हणजे संथ वाहणारा ओढा) थेट ह्यूस्टन शहराच्या पूर्व टोकापर्यंत जातो, एकूण साधारण ५२ मैल. हाच शिप चॅनल. वरून सगळीकडे सारखंच पाणी दिसतं, पण जहाज चराच्या बाहेर गेलं की चिखलात रुतलंच. आणि चर असल्यामुळे तो भरत पण राहतो, नद्यांचा गाळ, वादळं, २०१७ च्या हार्वी चक्रीवादळानंतर तर प्रचंड गाळ आला होता.

२. प्रोजेक्ट ११ मध्ये नक्की काय काय होणार आहे?

हे चॅनलचं अकरावं मोठं काम म्हणून प्रोजेक्ट ११. खाडीतला भाग, साधारण २६ मैल, ५३० फूट रुंदीवरून ७०० फूट करायचा. बेपोर्ट आणि बार्बर्स कट या कंटेनर टर्मिनलकडे वळणारे फाटे ४५५ फूट रुंद करायचे. आणि शहराच्या बाजूचा वरचा भाग, जो अरुंदही होता आणि उथळही, तो खोल करायचा, बॉगी बायू ते सिम्स बायू ४१.५ वरून ४६.५ फूट आणि त्याच्या वर टर्निंग बेसिनपर्यंत (चॅनलच्या टोकाला जहाजं वळवायची जागा) ३७.५ वरून ४१.५ फूट.

म्हणजे लोक "चॅनल खोल करतायत" म्हणतात ते अर्धंच खरं आहे, खाडीत खोली तीच राहते, फक्त रुंदी वाढते. काँग्रेसची मंजुरी डिसेंबर २०२० ची, ड्रेजिंग, म्हणजे तळ खणून गाळ काढणं, सुरू झालं २०२२ मध्ये.

३. कुठे ४५ फूट लिहिलेलं असतं कुठे ४६.५. खरं कुठलं?

दोन्ही खरं. खोली मोजायची तर पाण्याची कुठली तरी एक पातळी शून्य धरावी लागते. आधी ह्यूस्टनला ओहोटीची एक जुनी स्थानिक पातळी धरायचे, नंतर देशभर चालते ती सरासरी नीचतम ओहोटीची पातळी घेतली, ती इथे दीड फुटानं वर येते. तळ तिथेच, फक्त पट्टीचा शून्य सरकला, म्हणून ४० चे ४१.५ झाले आणि ४५ चे ४६.५. जुना लेख आणि नवा लेख शेजारी ठेवून "दीड फूट खणलं पण पैसे कुठे दाखवलेत" असं विचारणारे मेसेज येतात, तर तसं काही झालेलं नाही.

४. चॅनल फेडरल सरकारचा आहे, मग लोकल स्पॉन्सर कशाला लागतो?

कारण १९८६ चा कायदा. त्याआधी बंदराचं खोलीकरण बऱ्यापैकी फेडरल पैशातून व्हायचं, आणि मग प्रत्येक खासदाराला आपल्या गावात बंदर हवं असायचं, फुकट असेल तर कोण नको म्हणेल. १९८६ च्या जलसंपदा विकास कायद्यानं ठरवलं की ज्या गावाला हवंय त्यानं आपल्या खिशातून हिस्सा टाकायचा आणि लेखी करारही करायचा. काम करणार लष्कराची इंजिनिअरिंग शाखा, म्हणजे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (पुढे नुसतं कोअर), आणि समोरच्या बाजूला सही करणार स्थानिक सार्वजनिक संस्था, तीच लोकल स्पॉन्सर. ह्यूस्टनला ती संस्था म्हणजे पोर्ट ऑफ ह्यूस्टन ऑथॉरिटी, बोलताना सगळे पोर्ट ह्यूस्टन म्हणतात.

चेक फाडला की स्पॉन्सरचं काम संपलं असं लोकांना वाटतं, आणि सगळे गैरसमज इथूनच सुरू होतात. खोदकामासाठी लागणारी जमीन आणि हक्क मिळवून देणं, गाळ टाकायला जागा देणं, पाइपलाइनी हलवून घेणं, धक्क्याला लागून असलेली खोली स्वतःच्या खर्चानं राखणं, आणि कामातून कुणाचं नुकसान झालं आणि त्यात सरकारची किंवा कंत्राटदाराची चूक नसेल तर फेडरल सरकारला त्याची झळ लागू न देणं, एवढं सगळं करारात येतं. माझ्या मते पैशाच्या आकड्यापेक्षा हीच यादी नीट वाचायला हवी, पण पेपरवाले आकडाच छापतात.

५. ही वाटून भरायची पद्धत आली कुठून?

गंमत अशी की ह्यूस्टनमधूनच. १९०० च्या वादळानं गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त झालं, १९०१ ला टेक्सासमध्येच स्पिंडलटॉपला तेल लागलं, आणि आत जमिनीत असलेल्या ह्यूस्टनला वाटलं की सुरक्षित बंदर आपणच करावं. वॉशिंग्टन पैसे देईना. तेव्हा टॉम बॉल नावाच्या माजी काँग्रेसमननी १९०९ मध्ये प्रस्ताव मांडला की निम्मे पैसे आम्ही घालतो निम्मे तुम्ही घाला. असं आधी कुणी म्हणालंच नव्हतं, काँग्रेसनं १९१० ला मान्य केलं. १९११ ला मतदारांनी नॅव्हिगेशन डिस्ट्रिक्ट, म्हणजे जलमार्ग सांभाळणारी स्थानिक सरकारी संस्था, आणि साडेबारा लाख डॉलरचे बाँड मंजूर केले, बाँड विकत घ्यायला कुणी तयार होईना तेव्हा जेसी जोन्स या ह्यूस्टनच्या उद्योजकानं शहरातल्या बँका फिरून त्यांच्या गळ्यात ते मारले. १० नोव्हेंबर १९१४ ला २५ फूट खोल चॅनल सुरू झाला, राष्ट्राध्यक्ष विल्सननी वॉशिंग्टनमध्ये बटण दाबलं आणि इथे तोफ उडाली. तेच डिस्ट्रिक्ट १९७१ पासून पोर्ट ऑफ ह्यूस्टन ऑथॉरिटी या नावानं चालतं.

६. स्पॉन्सर कोण होऊ शकतं? एखादी तेल कंपनी नाही का होऊ शकत?

नाही. कायद्यानं स्थापन झालेली सार्वजनिक संस्थाच लागते, जिला करार पाळायचा आणि गरज पडली तर नुकसानभरपाई द्यायचा पूर्ण अधिकार आहे. त्यामुळे राज्य, काउंटी, शहर, पोर्ट ऑथॉरिटी, नॅव्हिगेशन डिस्ट्रिक्ट असे चालतात. कॉर्पस क्रिस्टीला तिथली पोर्ट ऑथॉरिटी आहे, ब्युमाँट-पोर्ट आर्थर बाजूला सबीन-नेचेस नॅव्हिगेशन डिस्ट्रिक्ट, मायामीला काउंटी होती, सव्हानाला जॉर्जिया राज्याचं परिवहन खातं.

खासगी कंपनी मागून पैसे देऊ शकते, स्पॉन्सरशी वेगळा करार करून. किंवा आपल्या जेटीसमोरचा तुकडा १८९९ च्या कायद्याखाली कोअरचं परमिट काढून स्वतः खणू शकते. या चॅनलवर सरकारी-खासगी मिळून २०० हून जास्त टर्मिनल आहेत आणि पोर्टची स्वतःची सार्वजनिक टर्मिनल फक्त आठ. म्हणजे सही एकाची आणि फायदा बाकी सगळ्यांचा, यावरून कुरबुर होतेच, प्रश्न १३ मध्ये त्याचं एक उदाहरण आहे.

७. हिस्सा किती टक्के?

खोलीवर ठरतं. २० फुटांपर्यंतच्या कामाला स्थानिक हिस्सा १० टक्के. त्याच्या पुढे २५ टक्के. आणि एका ठरावीक खोलीच्या खालचं काम ५० टक्के. ही शेवटची रेष १९८६ च्या कायद्यात ४५ फुटांवर होती, २०१६ ला ५० वर नेली, आणि जहाजं मोठी होतच चालली म्हणून बंदरांच्या रेट्यानं २०२४ च्या जलसंपदा कायद्यात ५५ वर.

हे टक्के बांधकाम चालू असताना द्यायचे. शिवाय काम झाल्यावर आणखी १० टक्के, ३० वर्षांपर्यंत हप्त्यांनी, व्याजासकट. हे दहा टक्के लोक हमखास विसरतात. मात्र स्पॉन्सरनं दिलेल्या जमिनीची आणि हलवाहलवीची किंमत या दहातून वजा होते, त्यामुळे ज्याच्याकडे गाळासाठी आधीच जमीन आहे त्याला पुढे कमी भरावं लागतं, कधी काहीच नाही.

अभ्यासाचा खर्च वेगळा, तो निम्मा-निम्मा.

८. २५ टक्के म्हणता, मग ह्यूस्टनच्या वाट्याला जवळपास निम्मे कसे आले?

२०२० च्या कायद्यात प्रोजेक्ट ११ चा आकडा होता एकूण साधारण ८७.७ कोटी डॉलर, त्यात फेडरल ४६ कोटी आणि स्थानिक ४१ कोटीच्या वर. आता बोलताना एक अब्ज डॉलरचं काम असंच म्हणतात.

याचं मोठं कारण म्हणजे "स्थानिक पसंतीचा आराखडा". कोअर हिशोब करून ठरवतं की देशाच्या दृष्टीनं कुठल्या मापाचा चॅनल सगळ्यात फायद्याचा. स्पॉन्सरला त्याहून मोठं हवं असेल तर मागता येतं, पण वरचा फरक शंभर टक्के स्पॉन्सरनं भरायचा. बिल्डर ठरलेल्या टाइल्स देतो, तुम्हाला इटालियन मार्बल हवा तर वरचे पैसे तुमचे, तसं. कोअरच्या हिशोबात बसत होती त्यापेक्षा जास्त लांबीत पोर्टला रुंदी हवी होती, म्हणून हिस्सा फुगला.

९. माझ्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात पोर्टची ओळ आहे. ते पैसे यालाच जातात का?

हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनचा बहुतेक भाग जिच्यात येतो तिथे, घर असेल तर ती ओळ दिसणारच. पण पोर्टला हा टॅक्स फक्त मतदारांनी मंजूर केलेल्या जनरल ऑब्लिगेशन बाँडच्या परतफेडीसाठी लावता येतो, पगार किंवा रोजच्या खर्चासाठी नाही. दर अलीकडे १०० डॉलर मूल्यामागे एक सेंटच्याही आत आहे, म्हणजे ४ लाखाच्या घराला वर्षाचे ४० डॉलर पण होत नाहीत. तुमच्या बिलातला मोठा आकडा शाळेचा असतो, पोर्टला शिव्या देऊन उपयोग नाही.

प्रोजेक्ट ११ चा स्थानिक हिस्सा पोर्टनं मुख्यतः स्वतःच्या कमाईवर आणि त्या कमाईच्या जोरावर काढलेल्या रेव्हेन्यू बाँडवर उभा केला. सगळीकडे असं नसतं, ब्रझोरिया काउंटीतल्या फ्रीपोर्ट बंदरानं २०१८ मध्ये मतदारांसमोर जाऊन १३ कोटी डॉलरचे बाँड मंजूर करून घेतले आणि तिथे परतफेड टॅक्समधून. त्यामुळे ब्रझोरिया काउंटीतल्यांनी वरचं उत्तर स्वतःला लावून घेऊ नका.

फोर्ट बेंडमध्ये, म्हणजे आपली शुगरलँडची अर्धी मंडळी, त्यांच्या बिलात पोर्ट ह्यूस्टनची ओळच नसते.

१०. मंजुरी मिळाली अशी बातमी येते आणि मग वर्षानुवर्षं काहीच होत नाही. असं का?

कारण बातमीतली मंजुरी म्हणजे "करायला हरकत नाही" एवढंच. आधी कोअर आणि स्पॉन्सरचा अभ्यास होतो, ह्यूस्टनच्या वेळी नियमानं तो तीन वर्षांत आणि तीस लाख डॉलरात संपवायचा होता, मोठ्या बंदरांना अपवाद मागावाच लागायचा. मग कोअरच्या प्रमुखांचा अहवाल, ह्यूस्टनचा एप्रिल २०२० ला आला. मग काँग्रेस जलसंपदा कायद्यात प्रकल्पाचं नाव घालते. इथपर्यंत एक डॉलर सुद्धा मिळालेला नसतो. पैसे वेगळ्या वार्षिक खर्चाच्या विधेयकातून येतात, आणि त्यात "नवीन सुरुवात" म्हणून मोजकीच कामं घेतात, रांग लांब. ह्यूस्टनला जानेवारी २०२२ मध्ये पायाभूत सुविधांच्या कायद्यातून १४ कोटी २५ लाख डॉलर मिळाले आणि गाडी हलली. सबीन-नेचेसला २०१४ ला मंजुरी होती, पैशासाठी वर्षं गेली.

आणि फार वर्षं पैसेच आले नाहीत तर मंजुरी रद्द पण होते.

११. मग फेडरल पैसे येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं?

नाही, आणि हुशार बंदरं बसत नाहीत. स्पॉन्सरला स्वतःचे पैसे आधी घालता येतात, किंवा काही भाग स्वतःच कंत्राट देऊन करता येतो आणि त्याचं श्रेय पुढे आपल्या हिश्शात मिळतं. साउथ कॅरोलिनानं चार्ल्सटनसाठी २०१२ मध्येच ३० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले, त्यामुळे २०२२ च्या शेवटी ५२ फूट खोली तयार होती. पोर्ट ह्यूस्टननंही खाडीतल्या पहिल्या तुकड्याचं कंत्राट २०२१ मध्ये स्वतः दिलं.

यात धोका एकच, पण मोठा आहे. कोअरशी लेखी करार व्हायच्या आधी केलेल्या कामाचं श्रेय आपोआप मिळत नाही. उत्साहात आधी खणलं आणि मग कागद केला तर ते काम तुमच्याकडून भेट. आणि काँग्रेसनं पुढे पैसे दिलेच नाहीत तर आगाऊ घातलेले अडकून पडतात, व्याज तुमचंच. छोट्या बंदरानं मोठ्याचं बघून हे करू नये असं मला वाटतं.

१२. नोकऱ्या किती वाढतील यावरून फायदा मोजतात का?

जाहिरातीत हो, हिशोबात नाही. कोअरचा फायदा-खर्चाचा हिशोब देशाची वाहतूक किती स्वस्त होईल यावर चालतो, जहाज भरून आलं तर फेऱ्या किती वाचतात, वाट बघण्यात किती तास जातात, अर्धा माल दुसऱ्या जहाजात काढायची वेळ किती कमी येते, असं. ह्यूस्टनला टर्मिनल वाढलं आणि त्यामुळे दुसऱ्या बंदराचं काम कमी झालं तर देशाच्या वहीत ते शून्य. म्हणून सभेत कुणी "इतक्या हजार नोकऱ्या" म्हणालं तर ते स्थानिक राजकारणासाठी असतं, प्रकल्प पास होतो तो जहाजाच्या तासांवर.

१३. एवढी मोठी नदीसारखी दिसते, ७०० फूट रुंदी कशाला? आणि ते टेक्सास चिकन काय प्रकरण आहे?

अरुंद चॅनलमध्ये दोन मोठी जहाजं समोरासमोर आली की दोघंही मध्यावरून सरळ एकमेकांवर येतात, मग ठरावीक अंतर राहिलं की दोघं आपापल्या उजवीकडे थोडी वळतात, दोघांच्या मधला पाण्याचा दाब त्यांना लांब ढकलतो, आणि पार झाली की परत मध्यावर येतात. ह्यूस्टनचे पायलट, म्हणजे जहाजांना चॅनलमधून वाट दाखवून नेणारे, हे रोज करतात, बघणाऱ्याचा जीव वर येतो. यालाच टेक्सास चिकन म्हणतात. दीडशे फूट रुंदीची दोन जहाजं असतील आणि काठाशी उथळ लेनमधून बार्जेस चाललेल्या असतील तर ५३० फूट म्हणजे फारच दाटीवाटी होते.

त्यात कंटेनर जहाजं अकराशे फुटांच्या पुढे गेली. एवढं जहाज आलं की दुसरी वाहतूक थांबवा, एकेरी करा, आणि तेल-केमिकलवाले भडकले, की चार कंटेनर जहाजांसाठी आमचे टँकर का थांबवता. २०१९ मध्ये भांडण थेट ऑस्टिनला राज्याच्या विधिमंडळात गेलं आणि अशा लांब जहाजांच्या संख्येवर कायद्यानं मर्यादा घातली गेली. रुंदीकरणाला पुढे सगळ्यांनी एकमुखानं पाठिंबा दिला तो हे भांडण मिटवायचा तोच एक मार्ग होता म्हणून.

१४. निघालेला गाळ टाकतात कुठे?

हाच खरा प्रश्न आहे आणि सगळ्यात शेवटी विचारला जातो. काही गाळ बंधारे घातलेल्या मोठ्या डबक्यांत पंप करतात, काही समुद्रात ठरवून दिलेल्या जागी, आणि काही खाडीत पाणथळ गवताळ जमीन आणि पक्ष्यांची बेटं तयार करायला वापरतात. शेवटचा प्रकार छान आहे, गॅल्व्हेस्टन बेमध्ये एव्हिया आणि रेडफिश ही बेटं आधीच्या कामाच्या गाळातून उभी केलेली आहेत, आज तिथे पेलिकन आणि बगळे घरटी करतात.

पण कोअरचा नियम आहे की पर्यावरणाच्या अटी सांभाळून सगळ्यात स्वस्त जागा धरायची. बेट करणं महाग पडत असेल तर वरच्या पैशात स्पॉन्सरला वाटा उचलावा लागतो. जागा द्यायची जबाबदारी पण स्पॉन्सरची, आणि शहराच्या बाजूला मोकळ्या जागा उरल्यात त्या गरीब वस्त्यांच्या शेजारी. प्लेझंटव्हिल आणि गॅलिना पार्कच्या लोकांनी यावर आवाज उठवला, की आधीच रिफायनऱ्यांचा धूर आमच्याकडे आणि आता गाळ पण आमच्या मागच्या अंगणात. मला त्यांचं म्हणणं पटतं. चॅनलचा फायदा देशभर वाटला जातो, वाळलेल्या गाळाची धूळ मात्र दोन-चार गल्ल्यांतच बसते.

१५. गाळात विषारी काही निघालं तर?

तर स्पॉन्सरच्या डोक्याला ताप. साध्या गाळाचा खर्च वाटला जातो, पण प्रकल्पासाठी लागणाऱ्या जमिनीत घातक कचरा सापडला तर तो तपासायची आणि साफ करायची जबाबदारी करारानुसार साधारणपणे स्पॉन्सरवर येते, आणि तो खर्च प्रकल्पाच्या हिश्शात धरत नाहीत. ज्यानं प्रदूषण केलं त्याच्यामागे कोर्टात लागायचं ते स्पॉन्सरनंच.

टेक्सासच्या किनाऱ्यावर हे कागदी भय नाही. मॅटागोर्डा चॅनल रुंद-खोल करायचा प्रस्ताव आहे, तो लवाका बेमधून जातो, आणि त्या खाडीत जुन्या अल्कोआ कारखान्याचा पारा तळाशी बसलाय, फेडरल यादीतली प्रदूषित जागा आहे ती. तिथल्या कोळ्यांचा विरोध त्याच भीतीतून, की शांत बसलेला पारा उकरू नका.

१६. कालवांच्या थरांचं काय होतं?

ऑयस्टर, म्हणजे आपली कालवं, गॅल्व्हेस्टन बेमध्ये भरपूर आणि त्यावर पोट असणारेही भरपूर. रुंदी वाढवताना काठाचे काही थर जाणारच. त्याच्या बदल्यात दुसरीकडे दगड किंवा शिंपले टाकून नवीन थर तयार करावे लागतात, सॅन लिऑनजवळ डॉलर रीफला असं काम झालंय. याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरतात आणि प्रश्न ७ च्या टक्क्यांनी वाटतात. थर लागायला वर्षं जातात, तोवर मच्छीमारांनी काय खायचं याला प्रकल्पात रकाना नाही.

मायामीला २०१३ ते २०१५ च्या कामात गाळ प्रवाळांवर बसला, प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हापासून सगळेच जरा जपून आहेत.

१७. चॅनलखालच्या पाइपलाइनी हलवायचा खर्च कोणाचा?

बहुतेक वेळा पाइपलाइनच्या मालकाचा. चॅनल ओलांडायला कोअरचं परमिट लागतं आणि त्यात अटच असते की सरकारला जहाजवाहतुकीसाठी लागलं तर सरकारला खर्च न पडता हलवायची. ती वेळेत हलेल हे बघायचं काम स्पॉन्सरचं, आणि मालक कोर्टात गेला किंवा कागद इतका जुना निघाला की अटच सापडेना, तर तोवर ड्रेजर, म्हणजे गाळ काढणारं जहाज, तिथे थांबतो आणि त्याचं भाडं चालू राहतं.

१८. खर्च अंदाजाबाहेर गेला तर वरचे पैसे कोण भरतं?

दोघंही, त्याच टक्क्यांनी. ठरावीक रक्कम देऊन मोकळं व्हायची सोय करारात नसते. आणि महागाई धरूनसुद्धा मंजूर आकड्याच्या २० टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर परत काँग्रेसकडे जावं लागतं, तोपर्यंत काम अडतं. सव्हानाला २०१४ ला साधारण ७० कोटी डॉलर धरले होते, शेवटी ९७ कोटींच्या घरात गेलं, मध्ये कायद्यात आकडा वाढवून घ्यावा लागला. ते काम, ४२ चे ४७ फूट, २०२२ ला संपलं. स्थानिक पसंतीचा आराखडा असेल तर त्या भागाची वाढ मात्र एकट्या स्पॉन्सरच्या माथी, प्रश्न ८ बघा.

१९. एकदा खणून झाल्यावर दर वर्षीचा गाळ कोण काढणार?

मुख्य चॅनलचा कोअर, फेडरल पैशातून. त्यासाठी १९८६ पासून बंदर देखभाल कर आहे, मालाच्या किमतीच्या ०.१२५ टक्के, म्हणजे लाख डॉलरच्या मालामागे १२५ डॉलर. निर्यातीवर हा कर लावणं घटनाबाह्य आहे असं सुप्रीम कोर्टानं १९९८ ला ठरवलं, त्यामुळे ह्यूस्टनहून प्लॅस्टिकचे दाणे बाहेर पाठवणारे हा कर भरतच नाहीत पण चॅनल तोच वापरतात.

धक्क्याला लागूनची खोली मात्र ज्याचा धक्का त्यानं. आणि फार खोल चॅनल असेल तर जास्तीच्या खोलीच्या देखभालीतही निम्मा वाटा स्थानिक, २०१४ च्या कायद्यानं ही रेष ५० फुटांवर ठेवली होती, २०२४ च्या कायद्यानं ती ५५ वर नेली.

एक अपवाद. पोर्टनं स्वतःच्या पैशानं फाटा खोल केला तरी कोअरनं आधी तपासून मान्य केलं असेल तर पुढची देखभाल फेडरलकडे देता येते. बेपोर्ट आणि बार्बर्स कट आधी खोल केले तेव्हा पोर्टनं हाच रस्ता धरला होता.

२०. हॉलंड-बेल्जियमचे मोठे ड्रेजर आणले तर स्वस्त नाही का पडणार?

पडेलही, पण आणता येत नाहीत. १९०६ चा कायदा आहे, परदेशात बांधलेला ड्रेजर अमेरिकेच्या पाण्यात गाळ काढू शकत नाही. म्हणून मोजक्याच देशी कंपन्या, मोजकेच ड्रेजर, आणि सगळ्या बंदरांना ते एकदमच हवे असतात. कायदा बदला अशी मागणी अधूनमधून होते, बदलत नाही.

२१. न्हावा-शेवाला पण असंच लोकल पैसे भरतात का?

नाही, तिथे रचनाच वेगळी. जवाहरलाल नेहरू बंदर केंद्राचं मोठं बंदर, चॅनल खोल करायचा तर बंदर प्राधिकरण स्वतःच्या कमाईतून आणि कर्जातून करतं, नवी मुंबई महापालिका किंवा रायगड जिल्हा परिषदेनं हिस्सा भरायचा प्रश्नच येत नाही. १४ वरून १५ मीटरचं काम झालं ते बोस्कालिस आणि यान द नूल या डच-बेल्जियन जोडीनं केलं, म्हणजे प्रश्न २० मधली अडचणही नाही.

जवळचं उदाहरण शोधायचंच तर वाढवण. तिथे नेहरू बंदर प्राधिकरण ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड २६ टक्के, म्हणजे राज्याचा पैसा आणि राज्याची मालकी. ह्यूस्टनमध्ये पैसे देऊन चॅनलची मालकी मिळत नाही, तो फेडरलच राहतो, हा मोठा फरक. मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न मात्र डहाणूतही आहे आणि सॅन लिऑनलाही.

२२. सही केल्यावर स्पॉन्सरला माघार घेता येते का?

काम मध्येच थांबवायची सोय करारात असते, पण तोपर्यंतच्या खर्चाचा आणि चालू कंत्राटं गुंडाळायच्या खर्चाचा आपला हिस्सा चुकवावा लागतो. पैसे थकवले तर फेडरल सरकार जिल्हा न्यायालयात जाऊन वसूल करू शकतं. झालेल्या कामाबद्दलच्या जबाबदाऱ्या, जमीन मोकळी ठेवणं, नुकसानीची हमी, या त्यानंतरही सुटत नाहीत, कमिशनर बदलले तरी नाही. पोर्ट ह्यूस्टनचे सात कमिशनर असतात, अध्यक्ष शहर आणि काउंटी मिळून नेमतात, बाकीचे दोन शहर, दोन काउंटी, एक पासाडीना आणि एक हॅरिस काउंटीतल्या छोट्या शहरांची संघटना. त्यांच्या बैठका सार्वजनिक असतात आणि कुणालाही नाव नोंदवून बोलता येतं, तेव्हा गाळाच्या जागेबद्दल किंवा बाँडबद्दल काही विचारायचं असेल तर सही व्हायच्या आधीच्या बैठकीला जा.